पाच नंबरचा पाय

मी तोंडाने फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. बुटांच्या कारखान्यात, शिलाई खात्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मशीनच्या खडखडाटात हळू बोलून भागतच नाही. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या धाकट्या जावेची आहे, आणि ती माझ्या अगदी उलट. तिला भांडता येत नाही. दुकानदाराने किडकी वांगी दिली तर तीच घेऊन घरी येते आणि वर म्हणते, "असू दे, कापून टाकू." नाकासमोर चालणारी बाई. मी तिला गोगलगाय म्हणायचे आणि ती हसायची.

आमचे नवरे सख्खे भाऊ. आम्ही खाली, ते वर, मधे जिना, आणि स्वयंपाकघर दोघींचं मिळून एक. कारखान्यात धाकटी पॅकिंगला होती. बूट पुसायचे, आत कागद कोंबायचा, खोक्यात उलटसुलट ठेवायचे, झाकण लावायचं. या कामात कोणी तुम्हाला मत विचारत नाही. घरातही तिला विचारायची कोणाला आठवण व्हायची नाही. पडदे कुठले, पोराची शाळा कुठली, सगळं मी ठरवायचे. ती म्हणायची, "चालेल ना, ताई." मला वाटायचं, बरं आहे, कटकट नाही.

मग एकदा नमुना मास्तर पॅकिंगमध्ये आले आणि त्यांनी सगळ्या बायकांना चपला काढायला लावल्या. नव्या बुटाचा पहिला जोड तयार करतात ते नमुना मास्तर. आमच्याकडे पद्धत अशी की बायकांच्या बुटाचा नमुना पाच नंबरचाच निघतो. तो कोणाच्या तरी पायात घालून, रस्त्यावर पळवून बघायचा, दोष काढायचे, दुरुस्त करायचा, आणि मग त्याच्यावरून बाकीचे नंबर लहानमोठे करायचे. म्हणून पाय कसा, तर नेमका पाच नंबरचा हवा. धाकटीने मापाच्या पट्टीवर पाय ठेवला आणि मास्तरांचा चेहरा खुलला.

"पळता येतं का?" त्यांनी विचारलं.

"बस सुटत असेल तर येतं," ती म्हणाली.

सगळं पॅकिंग खो खो हसलं. त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव पडलं पाच नंबर.

पहिल्या आठवड्यात तिचे पाय असे सुजले की भाऊजी म्हणाले, सोड हे खूळ. तिने सोडलं नाही. रोज सकाळी गेटमधून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा, पुलावरून पलीकडे, लांबलचक भिंतीच्या कडेने उतार, आणि परत. हळूहळू तिचा दम टिकायला लागला. मला हे सगळं म्हणजे पोराबाळांच्या आईने चालवलेला पोरखेळ वाटायचा, आणि मी तसं तोंडावर बोललेही.

एकदा शिवलेले अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, घेऊन मी नमुन्याच्या खोलीत गेले. धाकटी स्टुलावर बसलेली, घामाने निथळणारी. मास्तरांनी विचारलं, "हं, काय वाटतं?" आणि ही बाई बोलायला लागली! टाच धरते छान, पण वळणावर बूट बाहेरच्या अंगाला कलतो. ओल्या डांबरावर ठीक, गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो. तिसऱ्या भोकाशी लेस रुतते, एक भोक सोडून ओवली तर रुतत नाही. मास्तर चंदेरी पेनाने बुटावरच खुणा करत होते. मधेच त्यांनी विचारलं, "सोल मऊ करू?" तर ही म्हणाली, "नको, मग उतारावर पाय लटपटेल." नको म्हणाली! घरात या बाईने कशाला नको म्हटल्याचं मला आठवेना. मी अप्पर हातात धरून दारात तशीच उभी राहिले.

वर्षं गेली. तिला दुसरं पोर झालं, बाळंतपणाची रजा संपली, ती पुन्हा पळायला लागली. पॅकिंगचं काम सुटलं ते सुटलंच. बूट तिने कधी विकत घेतले नाहीत, कशाला घेईल? नमुने चिकार होते. जुने झाले की टाचा चेपून तेच घरात सपाता म्हणून वापरायची.

मागच्या वर्षी कारखान्याने एक नवा बूट काढायचा ठरवला. रस्त्यावर पळणाऱ्या बायकांसाठी, आणि हलका. हलका म्हणजे किती, तर हातात घेतला की वाटावं आत काही घालायचं राहून गेलंय. अप्पर पातळ जाळीचा, आत स्पंज नाही, अस्तर नावाला. शिवताना आमचा जीव मेटाकुटीला यायचा. सुई जरा वाकडी गेली की जाळी चिरलीच.

धाकटी पळून आली आणि म्हणाली, पुढे दाबतोय. अंगठा आणि करंगळी दोन्ही. मास्तरांनी कलबूत रुंद केला. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, त्याच्यावर ताणून बूट घडवतात. ती पुन्हा पळाली. म्हणाली, अजून थोडं. मास्तरांनी अजून थोडं केलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आता छान." त्यावरून पहिला माल निघाला, आणि पळणाऱ्या बायकांच्या एका क्लबला वापरून बघायला दिला.

क्लबकडून एकच तक्रार आली. बूट झकास, वजन कळत नाही, पण टाच आतून वर येते. एकीची नाही, जवळजवळ सगळ्यांची.

सुपरवायझरने बिल फाडलं आमच्या खात्यावर. टाचेची शिवण ढिली, म्हणे! मी त्याला शिवण उलटी करून दाखवली, ओढून दाखवली, त्याच्या नाकापुढे नाचवली. तो ऐकेना. टाचेच्या शिवणीवर दोन नव्या मुली होत्या, हात चांगला होता पोरींचा. ठरलं असं की महिनाअखेरीला दोघींना घरी बसवायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी घरी येऊन भांडी अशी आपटली की आमचे हे बाहेर जाऊन उभे राहिले.

त्याच दिवसांत माझ्या मुलाचं लग्न ठरलं होतं. दोघी जावा सँडल घ्यायला दुकानात गेलो. दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते, सरकपट्टीवर पाय ठेवल्याशिवाय माल न दाखवणारे. धाकटी म्हणाली, "माझा पाच नंबर. मोजायला नको."

"बाई, पाय ठेवा," ते म्हणाले. तिने ठेवला. "सहा."

"नाही हो, पाच."

त्यांनी चष्मा पुसला, पट्टी पुन्हा सरकवली, दुसरा पाय मोजला. "सहा. पावलं पसरलीत तुमची. बाळंतपण, वय, उभ्याचं काम, कशानेही होतं. किती वर्षांनी मोजताय?"

तिने पाय पट्टीवरून काढून घेतला. घोडं कुठे पेंड खातंय ते माझ्या डोक्यात लख्ख झालं होतं. ज्या पायावर कारखान्याने इतकी वर्षं बूट मोजले, तो पाय पुन्हा कोणी मोजलाच नव्हता. आधीचे बूट जाड होते. स्पंज आणि अस्तर असली चूक पोटात घालतात. या हलक्या बुटात लपवायला जागाच नव्हती. सहाच्या पायाला दाबतो म्हणून पाचाचा बूट रुंद केला, आणि खऱ्या पाच नंबरवाल्यांच्या टाचा वर यायला लागल्या.

सँडल न घेताच बाहेर पडलो. बसथांब्यावर बाकडं होतं, तिथे ती बसली. मी रागाने उकळत होते, पण तो राग कोणावर ओतू? आपलेच दात, आपलेच ओठ.

"ताई," ती म्हणाली, "हे सांगितलं तर मला परत खोक्यांवर बसवतील."

"हो."

"आणि नाही सांगितलं तर तुमच्या मुली जातील."

"मी भांडेन त्यांच्यासाठी," मी म्हणाले. "तू गप्प बस. काहीतरी निघेल मार्ग." मला माहीत होतं काही निघणार नाही.

ती खाली पायांकडे बघत होती. "पळण्याचं काय, कुठेही पळता येईल," ती म्हणाली. "पण तिथे मला विचारतात हो, ताई. काय वाटतं म्हणून विचारतात. आणि मी सांगितलं की तसं करतात." आणि ती रडायला लागली, भर रस्त्यात. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नमुन्याच्या खोलीत गेले तर ती आधीच तिथे. मोजे काढून पट्टीवर उभी. "मास्तर, मोजा," म्हणाली.

मास्तरांनी मोजलं. मग खाली बसूनच राहिले. "हा बूट मी या पायावर बेतलाय," ते म्हणाले.

"म्हणून तर आले. शिवणीचा दोष नाही. मुलींना घालवू नका."

"मी तरी कुठे मोजला इतक्या वर्षांत?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. मग उठून तो कलबूत त्यांनी बाजूला काढला. मान खाली घालून म्हणाले, "तुमचा सहा झाला. नमुना मात्र पाचाचाच निघतो. ते माझ्या हातात नाही."

"चालेल ना," धाकटी म्हणाली.

देवाशपथ सांगते, ते 'चालेल ना' मी हजारदा ऐकलंय आणि खुशाल पुढे गेलेय. त्या दिवशी मात्र माझ्या काळजात चर्र झालं.

मुली राहिल्या. सुपरवायझरने माफी वगैरे मागितली नाही, तो उंटावरचा शहाणा कसली मागतोय! कलबूत पूर्वीसारखा झाला, टाचा जागेवर बसल्या. कटिंगमधली एक पोरगी पाच नंबरची निघाली. ती वाऱ्यासारखी पळते, पण मास्तरांनी काय वाटतं विचारलं की म्हणते, "छान आहे." रोज छान. मास्तर कपाळाला हात लावतात.

धाकटी खोक्यांवर गेली. पळणं बंद केलं, कारण घरातले सगळे नमुने पाचाचे, आणि आता कळल्यावर तिला ते पायात घालवेनात. कळायच्या आधी बोटं चुरगाळून घेतच होती ना! पण नाही. सकाळी ती माझ्या आधी उठून कणीक मळायची आणि खिडकीतून रस्त्याकडे बघायची. बोलायची कमी. मुळात जेवढं बोलायची त्याहूनही कमी. ते बघून मला तिचाच राग यायला लागला, म्हणजे बघा.

शेवटी मी त्या दोन मुलींना घेऊन जेवणाच्या सुट्टीत मशीनवर बसले. तोच हलका बूट, सहा नंबर. जाळी मी स्वतः निवडली, टाचेची शिवण मुलींनी घातली, लेसखालची जीभ मी शिवली. मास्तरांकडे नेला तर त्यांनी कोणासाठी म्हणून विचारलंसुद्धा नाही. सहाच्या कलबुतावर ताणला, सोल चिकटवला आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नका, गोंद ओला आहे."

जोड मी तिच्या पुढ्यात टाकला. "घे. आता घरात तोंड पाडून बसायचं नाही."

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती गेली. मी दारातच लसूण सोलत बसले, उगीच आपली. ती परत आली ती लाल झालेली, धापा टाकत. पायरीवर बसून लेस सोडायला लागली. घरात मी तिला आजवर जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मग? काय वाटतं?"

तिने वर बघितलं. मी थट्टा करत नाही ना, याची खात्री करून घेतली असावी.

"टाच मस्त," ती म्हणाली. "पुढे बोटं मोकळी. पण ताई, रागावू नका. उजव्या बुटाची जीभ पुलाच्या आधीच बाहेर सरकते. एका बाजूला शिवण वर गेलीय."

"काय?" मी म्हणाले. "मी शिवलीय ती! जेवण सोडून शिवलीय! फुकट मिळालं तरी खोड काढतेस?"

"शिवण वर गेलीय," ती म्हणाली. गोगलगाय! जागची हलली नाही.

मी बूट ओढून घेतला. जीभ बाहेर काढून उजेडात धरली. गेली होती, केसभर. मी आत जाऊन कात्री आणि सुईदोरा आणला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसून टाके उसवायला घेतले.

"आणि लेस?" मी विचारलं.

ती सरकून जवळ बसली. "लेसचं सांगते ना," म्हणाली.