मोरया फुटबॉल क्लब आणि माझी पंगत

चहा हातात आहे आणि विषय निघालाच आहे, तर माझी फजिती मीच सांगून टाकते. नाहीतर आमचे हे सांगतील, आणि ते सांगतात तेव्हा त्यात मी फारच बावळट दिसते. मी तेवढी नाही हो. थोडी आहे.

झाशीतल्या मोरया फुटबॉल क्लबची मॅनेजर मी आहे. हसताय ना? हसा. पहिल्या वर्षी सगळी झाशी हसली. पोरांचा क्लब, आणि मॅनेजर कोण, तर महिला मंडळाची अध्यक्ष, जिला ऑफसाइड काय असतं ते अजून धड कळत नाही. पण क्लब काढला कोणी? मीच. आणि तोही रागाच्या भरात.

त्याचं असं झालं. आमचे हे इथे सरकारी इंजिनियरिंग कंपनीत, म्हणून आम्ही कॉलनीत राहतो. माझं माहेर मात्र झाशीचंच, बडा बाजारातलं, पिढ्यान् पिढ्यांचं. कॉलनीत एकच मैदान. तिथेच आमचा गणपती बसतो, तिथेच पोरं खेळतात. आणि एक दिवस कॉलनीच्या कमिटीच्या डोक्यात आलं की हे मैदान मॅरेज गार्डनला देऊन टाकावं. रोज बँड, रोज वराती. माझं डोकंच फिरलं. भर मीटिंगमध्ये उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, "मैदान कहीं नहीं जाएगा. वहाँ हमारा फुटबॉल क्लब है."

असा क्लब नव्हता. अहो, त्याच सकाळी माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पोरांचा फुटबॉल येऊन पडला होता, त्यामुळे तोंडात तोच आला. बॅडमिंटनचं फूल पडलं असतं तर आज मी बॅडमिंटन क्लबची मॅनेजर असते.

सेक्रेटरीसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "अच्छा? कौन सी लीग में खेलता है, भाभीजी?"

"जिला लीग," मी म्हणाले. आता मागे कोण हटणार?

"ठीक है. एक साल लीग में टिक के दिखाइए, मैदान आपका."

झालं. गणपती मंडळाची पोरं गोळा केली. निम्मी मराठी, निम्मी बुंदेलखंडी, आरती मात्र सगळ्यांना पाठ. म्हणून नाव मोरया. शिकवायला खान साहेब मिळाले. तरुणपणी मोठमोठ्या मैदानांवर खेळलेले, आता गुडघ्यांनी जवाब दिलेला, पण आवाज असा की कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये. पोरं रोज पहाटे धावू लागली. जर्सी आम्ही बायकांनी शिवल्या. गोल झाला की वाजवायला झांजाही घेऊन जायचो. पण गोल बहुतेक समोरच्यांचेच व्हायचे, त्यामुळे झांजांना आराम होता.

तरी सांगते, एकाही पोरानं मैदान सोडलं नाही. हरून यायचे, गुडघे फुटलेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हजर. मला इतका अभिमान वाटायचा की विचारू नका.

असं करत शेवटची मॅच आली. आमच्याच मैदानावर, समोर मऊरानीपूर. खान साहेबांनी मला समजावलं, "मॅडम, जीतना ज़रूरी नहीं. बराबरी भी हुई तो लीग में टिक गए. हारे, तो शादियाँ देखिए."

मऊरानीपूरची पोरं म्हणजे काय सांगू, शेतावरची, उंचीपुरी, वाऱ्यासारखी धावणारी. आमच्या पोरांना त्यांना पळून गाठणं शक्य नव्हतं. मग त्यांनाच पळता येणार नाही असं काही केलं तर? आणि इथे, मंडळी, माझ्या डोक्यात पुरणपोळी आली.

पाहुणे सकाळच्या बसनं येणार, मॅच दुपारी. मध्ये जेवू घालणं आमचं कर्तव्यच, नाही का? पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, आणि वरून माझा आग्रह. माझ्या आग्रहाला बडा बाजारात लोक अजून घाबरतात. आमचे हे साखरपुड्याला माहेरी जेवले ते दुसऱ्या दिवशी उठून बसले.

खान साहेबांना बेत सांगितला नाही, फक्त जेवण आहे म्हणाले. त्यांनी आपल्या पोरांसाठी केळ्यांचा अख्खा घड आणला होता. "मॅडम, अपने बच्चों को मॅच से पहले सिर्फ केला. और कुछ नहीं."

मी घड घेतला आणि स्वयंपाकघरात टोपलीखाली झाकून ठेवला. घरात पुरण शिजलेलं असताना माझी पोरं केळी खाणार? आणि पाहुण्यांना एकटंच पंगतीत बसवायचं? आपल्यात चालतं का ते? मी पोरांना सांगितलं, "तुम्ही एकाआड एक बसा, पाहुण्यांना सोबत म्हणून. थोडं थोडं खा." आमचा गोलकीपर ओंकार मान डोलावून म्हणाला, "हो काकू." फार गुणी पोरगा.

पंगत बसली. पत्रावळ्या मांडल्या, उदबत्ती लावली, श्लोक झाला. मी पदर खोचला आणि महिला मंडळ घेऊन वाढायला निघाले.

आता वाढणारी बाई बघते कुठे? तोंडाकडे नाही बघत. पानाकडे बघते. पान रिकामं दिसलं की हात आपोआप पोळी टाकतो. आयुष्यभराची सवय ती. आणि त्या गडबडीत कोण आपलं, कोण पाहुणं, हे मी पार विसरले.

मऊरानीपूरचा कप्तान चतुर. त्यानं आपल्या पोरांना आधीच बजावलं होतं की मॅचच्या आधी दोन घास, बस. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि पान तसंच भरलेलं ठेवून हात जोडून बसले. पान भरलेलं, म्हणून मी पुढे जाई. पुढच्या पानावर आमचा बृजेश. लहानपणापासून माझ्या हाताखाली वाढलेला, पानात टाकायचं नाही म्हणून माझ्याच शिव्या खाल्लेला. तो बिचारा चाटूनपुसून पान साफ करी. रिकामं पान दिसलं की मी पोळी टाकी, मागून मंडळातल्या साठेवहिनी तूप ओतत.

"काकू, बस," ओंकार म्हणाला.

"बस काय? माझी शपथ आहे."

शपथ घातली हो मी. माझ्याच गोलकीपरला.

खान साहेब नमाज पढून आले तेव्हा पंगत उठत होती. म्हणजे मऊरानीपूर उठलं होतं. मोरया क्लब उठायचा प्रयत्न करत होता. खान साहेबांनी पोरांकडे पाहिलं, मग पत्रावळ्यांकडे, मग माझ्याकडे. इतका मोठा आवाज त्यांचा, पण त्या दिवशी अगदी हळू विचारलं, "मॅडम, केले कहाँ हैं?"

मैदान गेलं, मी मनात म्हटलं. वर्षभर पोरं पहाटे उठली, आणि मी एका पंगतीत सगळं तुपात बुडवलं.

मॅच सुरू झाली. पाच मिनिटांत समजलं की आमच्यातलं कोणी पळू शकत नाही. बृजेश एकदा बॉलमागे धावला, अर्ध्यात थांबला आणि पोटावर हात ठेवून परत आला. खान साहेब तोंड झाकून बसले. मग अचानक उठले आणि तो जुना आवाज आला, "भागना नहीं है! सब पीछे! गोल के सामने खड़े हो जाओ, और हिलना मत!"

हिलना मत? हे तर त्यांना मस्त जमत होतं.

अख्खी टीम गोलासमोर भिंत करून उभी राहिली. मऊरानीपूरवाले वाऱ्यासारखे यायचे आणि बॉल कोणाच्या ना कोणाच्या अंगावर आदळून परत जायचा. कधी गुडघ्यावर, कधी पाठीवर. ओंकारच्या तर थेट पोटावर बसला. तो डोळे पांढरे करून खाली बसला, पण बॉल मिठीतून सोडला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. झांजा हातात तशाच राहिल्या.

शेवटची शिट्टी झाली. शून्य-शून्य. बराबरी. लीगमध्ये टिकलो, मैदान आमचं. कमिटीचे सेक्रेटरीसाहेब स्वतः टाळ्या वाजवत होते. मी झांजा अशा बडवल्या की एकीची दोरी तुटली.

तेवढ्यात मऊरानीपूरचा कप्तान आला. घामानं निथळलेला, पण हसरा. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "चाची, अब खिलाओ. बो मीठी वारी रोटी. अब जम के भूक लगी है."

मागे त्याची सगळी टीम उभी.

मी स्वयंपाकघरात धावले. परातीत पुरणाचा कण नाही. आमटीचं पातेलं खडखडीत. सगळं माझ्याच टीमच्या पोटात. दारात उपाशी पाहुणे, आणि बडा बाजारची लेक रिकामी परात घेऊन उभी. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला. मग कोपऱ्यातली टोपली दिसली.

पुन्हा पंगत बसली. नव्या पत्रावळ्या, आणि प्रत्येक पत्रावळीवर केळी. पोरं हसून हसून लोळली, पण खाल्ली हो सगळी. खान साहेबही त्यांच्यातच बसले. शांतपणे एक केळं सोललं आणि म्हणाले, "मॅडम, मैंने तो पहले ही कहा था."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मोरया क्लब अजून लीगमध्ये आहे. हल्ली जिंकतोही. मैदानावर संध्याकाळी लहानग्या पोरींचीसुद्धा टीम खेळते. मी खिडकीतून बघते आणि उगाच डोळे पुसते.

मीही सुधारले. पुरणपोळी बंद. मॅचच्या दिवशी आपल्या पोरांना फक्त केळी. मागच्या वर्षी समथरशी मॅच होती, केळी वाटायला मी स्वतः उभी राहिले. काय करू, पोरांचे हात रिकामे दिसले. "अजून एक घे रे, माझी शपथ."

हरलो.

तेव्हापासून केळी खान साहेबांच्या स्कूटरच्या डिकीत असतात. मॅनेजर अजून मीच आहे, पण डिकीची किल्ली त्यांच्याकडे.