गयानं लावलेल्या बाभळी

“काका, मावशी बागेत बाभळीखाली बसल्या, पाणी मागितलं अन् गेल्या.” बागेच्या वॉचमननं फोनवर एवढंच सांगितलं. मी त्याच्यावरच ओरडलो, खोटं बोलू नको, आत्ता माझ्याशी भांडून गेल्ती ती. महिना झाला, अजून मला ते खोटंच वाटून राह्यलं...

मंठ्याच्या बाहेरच्या त्या बागेत आज लोक फिरायला येतात. आमचं लग्न झालं तेव्हा तिथं गायरान होतं, माझी बायको गया तिथं शेळ्या चारायची. मंग रस्त्यासाठी मुरूम खोदून नेला, त्याच्याबरोबर माती गेली, गवत गेलं. पुढं रोजगार हमीवर तिथंच झाडं लावायचं काम निघालं. आम्ही दोघं खड्डे खोदायला होतो. सरकारी सुबाभळीची रोपं त्या मुरमात निम्मी वाळली. काम संपलं, माणसं घरी बसली, पण ही गोठ्यातल्या लेंड्यांतून बाभळीच्या बिया वेचून तिकडं न्यायची. शेंगा खाल्लेल्या शेळीच्या पोटातून आलेली बी जल्दी उगवते, म्हणायची.

“सरकारला जमलं न्हाई ते तुझ्या लेंड्यांनी व्हणार का?”

“व्हईल. तुमचं तोंड तेवढं बंद ठेवा.”

तेच मला जमलं न्हाई. बाभळी वाढल्या, सुगरणींनी खोपे बांधले, खाली गवत आलं, त्याची बाग झाली. मी मात्र चारचौघांत सांगायचो, बाभूळ आपोआपच येते, ही उगं मिरवते. मागच्या साली झाडं मोजायला साहेब आले, त्यांनाही तेच सांगितलं. कागदावर चढलं, आपोआप उगवलेली काटेरी झाडं. फिरायच्या वाटेसाठी ती तोडायची ठरली, खोडांवर लाल फुल्या पडल्या. त्या सकाळी ती म्हणाली, “जाऊन सांगा त्यांना, माझ्या बायकोनं लावल्यात म्हणून.” मी म्हणालो, “बिया नेताना पाह्यलं. लावताना कोणी पाह्यलं?” हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

दहावा झाल्यावर ती बसल्ती ती जागा बघायला गेलो. खाली बघवेना म्हणून समोर बघितलं. बाभळी एका रांगेत उभ्या. दोन झाडांत चार पावलं, बराबर. आम्हीच खोदलेले खड्डे ते! ज्या खड्ड्यात रोप मेलं त्यात हिनं बी टाकली. आपोआप उगवलेलं झाड असं अंतर धरून उभं राहतं का? इतकी वर्षं त्या सावलीत बसलो, आणि मला दिसलं न्हाई...

साहेबाला हाताला धरून आणलं. म्हणालो, मी खोटं सांगितलं होतं, पावलं मोजा. त्यानं मोजली, मंग उलटीकडून पुन्हा मोजली. “काका, हे आधी का नाही सांगितलं?” परवा फुल्यांवर चुना फिरवला. बाभळी राहिल्या.

हे सांगायला जल्दी जल्दी घरी आलो, तर पायात काटा मोडला होता. काटे तीच काढायची, बांगडीतल्या पिनेनं, शिव्या देत देत. उंबऱ्यावर बसलो, पाय लांब केला आणि आत हाक मारली, “गया, पिन आण गं...”