कानशिलावरची शीर
बामचा वास आला की अंबडचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. आई सारखा कानशिलांना बाम चोळायची, केसांना फणी लागू द्यायची नाही आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून म्हणायची, "चावताना जबडा दुखून राह्यला." जवळच्या डॉक्टरांनी टेन्शन सांगितलं, मला तर ते काम टाळायचं सोंग वाटायचं. एकदा दाराआडून पाहिलं, तर एकटी असतानाही ती प्रत्येक घासाला थांबून गाल धरत होती. दुसऱ्या दिवशी तिला जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कानशिलावरची सुजलेली शीर चाचपली आणि त्या म्हणाल्या, "ही शीर सुजली की डोकं, जबडा दुखतो, आणि वेळेत गोळ्या नाही दिल्या तर नजर जाते. ह्याच आजारात पुरुषाची नजर गेली की लोक जल्दी आणतात. बाईचं डोकं दुखलं की टेन्शन म्हणतात." गोळ्या लगेच सुरू झाल्या, आईचे डोळे वाचले. सोंग पकडायलाच मी दाराआड उभा होतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.