आमच्याकडे कर्त्याचं नाव घेत नाहीत

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी मला इंग्रजी शिकवलं, हे सगळ्यात आधी सांगून टाकते. नंतर सांगायला गेले तर राग मध्ये येतो आणि त्या मागं राहून जातात. त्या सिरोंचाकडच्या. घरात तेलुगू, पेशंटशी मराठी, डॉक्टरांशी हिंदी, आणि रागावल्या की तिन्ही एकदम. मला त्या ‘अम्मा’ म्हणतात, मी त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान असून. त्यांच्याकडे लहान पोरीलाही तसंच म्हणतात.

मी ब्रह्मपुरीच्या पलीकडची, धानाच्या गावातली. नववीत माझी शाळा सुटली. ‘सुटली’ असं आमच्याकडे म्हणतात, म्हणून म्हणते. खरं तर मी सोडली. त्या वर्षी आईला नेलं.

आमच्या गावात एवढं वाक्य पुरतं. ‘बाईले नेलं’ म्हटलं की कोणी नेलं हे कोणी विचारत नाही. त्या पट्टेवाल्या जनावराचं नाव आमच्याकडे घेत नाहीत, रानात नाही आणि घरातही नाही. फार झालं तर ‘तो’ म्हणतात. बाबा तर तेवढंही म्हणत नाहीत. ‘त्या दिवशी’ म्हणतात आणि थांबतात. इथं लिहितानाही मी तो शब्द लिहीत नाही. दुसऱ्यांनी उच्चारला तो तसा लिहीन.

पुढं घरचं रांधणं माझ्याकडे आलं. लहान भाऊ जरा मोठा झाल्यावर ओळखीनं मी राजुऱ्याला आले, एका खाजगी दवाखान्यात. फरशी पुसायची, चादरी धुवायच्या, सिस्टर सांगतील ते उकळून ठेवायचं. मागच्या खोलीत राहायचं. मी भित्र्या स्वभावाची आहे. डॉक्टरांचा फोन वाजला तरी वाटायचं, मला घरी पाठवायचं ठरतंय. डॉक्टर एकदा म्हणाले होते, ‘दहावी पास हो, चंद्रपूरले रुग्ण सहायकाच्या कोर्सले नाव टाकतो तुयं. नाईतर हे पोछा लावणंच राहीन.’ मी बाहेरून फॉर्म भरला. बाकी विषय निघाले, इंग्रजी राहिलं. ते निघालं तर कोर्स, नाही निघालं तर पोछा, एवढा साधा हिशोब होता. म्हणून चौकातल्या क्लासला नाव घातलं. क्लासनं फोटो मागितला, तोही दिला.

क्लासचे सर वाईट नव्हते म्हणतात. मी म्हणत नाही.

ॲक्टिव्ह-पॅसिव्ह चालू होतं. आमच्या भागात उदाहरण कशाचं देणार? सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘द टायगर किल्ड द डिअर’, आणि मला उठवलं.

“चाल, तू सांग. पॅसिव्ह कर.”

“द डिअर वॉज किल्ड.”

“पुढं?”

“झालं सर.”

“झालं कसं? बाय कोण? हरणानं सोताच मरून घेतलं का?”

वर्ग हसला. मी उभीच. पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता आणि तो का निघत नाही हे त्या वर्गात सांगता येत नव्हतं.

“वाघाचं नाव घ्याले भेते का वं? इंग्रजीतला हाये तो, चावत नाई.”

पुन्हा हसले. मग मागून एक मुलगी, आमच्याच बाजूची, हळू बोलली, “सर, तिच्या आईले...” वाक्य तिनंही पुरं केलं नाही. पण सगळ्यांना कळलं.

सर “अरेरे” म्हणाले. मला वाटलं, आता बस म्हणतील. ते म्हणाले, “पण काऊन जातेत ह्या बाया जंगलात? एवढं सांगून राह्यले सगळे, जाऊ नका, जाऊ नका. आयकत नाई.” आणि फळ्याकडे वळून त्यांनी पुढचं वाक्य लिहिलं. ‘द वुमन वेन्ट टू द फॉरेस्ट.’ “हे घ्या. याचा पॅसिव्ह होत नाई. काऊन होत नाई, सांगा.”

पहिल्या बाकावरच्या पोरानं सांगितलंही. गो या क्रियापदाला कर्म नसतं म्हणून. सर त्याला शाब्बास म्हणाले.

माझी आई जंगलात गेली नव्हती. आमच्याच बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर वाकून गवत कापत होती, बैलांसाठी. धुऱ्याच्या पलीकडून जंगल सुरू होतं. ती रेघ कुठं मारायची हे ठरवणाऱ्यानं आम्हाला विचारलं नव्हतं, आणि त्या जनावराला तर ती रेघ ठाऊकच नाही. पण दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘जंगलात गेलेली महिला’. जीपमधून आलेल्या साहेबांनी बाबांना विचारलं, “एवढ्या सकाळी पाठवलं काऊन?” गावातलेही म्हणाले, मागं वळून पाहायला पाहिजे होतं तिनं. एरवी आईनं केलेलं काहीच कोणाला दिसलं नाही. रोवणी झाली म्हणायचे, भात शिजला म्हणायचे, पोरं मोठी झाली म्हणायचे. ती गेल्यावर मात्र सगळी क्रियापदं तिच्या अंगावर टाकली. ती गेली. ती वाकली. तिनं पाहिलं नाही. आणि आमच्या गावाकडं काय बोलत नाहीत एवढंही ज्यांना कळत नव्हतं, ते सर मला शिकवत होते की कर्ता कोण ते सांगायलाच पाहिजे.

मी वही उचलली आणि निघाले. मागून सर म्हणाले, “अवं, मजाक होता तो.” कोणाचा होता, ते बोलले नाहीत.

दोन-तीन संध्याकाळी मी दवाखान्यातच चादरींच्या घड्या घालत बसले. सिस्टरबाईंनी विचारलं, “क्लास?”

“सुटला.”

“कसा सुटला? तू सोडला का सरनी काढलं?”

मी सांगितलं. त्या तेलुगूत काहीतरी लांबलचक बोलल्या. अर्थ विचारला तर म्हणाल्या, “तुझ्या वयाचं नाय ते.” मग म्हणाल्या, “पेशंट जेवले की दुपारी माझ्यापाशी बस. मी मारते पण, आताच सांगते.” कधी मारलं नाही. पेनाचं टोपण कपाळावर टेकवायच्या आणि थांबायच्या, उत्तर येईपर्यंत.

त्यांची शिकवणी अशी. “बोल अम्मा, सकाळपासून काय काय केली?”

“द फ्लोअर वॉज स्वेप्ट. द शीट्स वेअर वॉश्ड.”

“कोण केलं? भूत?”

“मीच की.”

“मग बोल तसं. हाताला फिनाईलचा वास मारून राह्यला आणि म्हणते, झालं.”

वर्गातल्या पोरांना पॅसिव्ह अवघड जायचं. मला ॲक्टिव्ह जड गेलं. आमच्या घरी जी पोरगी ‘मी केलं, मी केलं’ म्हणते तिला चढेल म्हणतात. मला ‘आय’ म्हणताना कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं. सिस्टरबाई ऐकतच राहायच्या. आय स्वेप्ट. आय वॉश्ड. आय बॉइल्ड द सिझर्स. खाटेवरची एक म्हातारी रोज ऐकून ऐकून म्हणायला लागली, “पोरगी आई आई काऊन करून राह्यली वं? आठवण येते का घरची?” सिस्टरबाई हसल्या नाहीत. मीही नाही. म्हातारीला नंतर चहा दिला.

एक दिवस मीच विचारलं, क्लासातलं वाक्य परीक्षेत आलं तर?

“तर लिही. बाय द टायगर.”

“नाई लिहिणार.”

त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवला. “आमच्याकडं दिवस बुडला की सापाला साप नाय बोलत. पुरुगू बोलतो. किडा. पण साप चावलेला पेशंट आला की मी स्नेक बाईट लिहिते, डॉक्टरला औषध कळायला पाहिजे. हात धुते. घरी गेली की परत पुरुगू.” मग म्हणाल्या, “आणि बघ, त्याला इंग्रजी येत नाय. नाव घेतलं तरी कळणार नाय त्याला.”

मला हसू आलं आणि लगेच त्यांचाही राग आला. मी म्हटलं, मी भिऊन नाही म्हणत सिस्टर. तो येऊन जे करायचं ते करून गेला. पण बाबांनी अजून तो शब्द काढलेला नाही. ते घरात एकटे बसून तो गिळतात आणि मी इथं पेपरात मार्कांसाठी लिहू? तोच शब्द, ‘बाय’ लावून?

ज्या बाईनं माझा एक स्पेलिंगही सोडला नाही, ती म्हणाली, “बरं. त्या एका वाक्याचे मार्क सोडून दे. बाकीचे सगळे आण. सगळे म्हणजे सगळे.”

सर असते तर म्हणाले असते, भावनेनं पास होत नसते. सिस्टरबाईंनी माझ्या भावनेला जागा करून दिली आणि अभ्यास दुप्पट केला.

पेपरात वाक्य आलं माळ्याचं. माळी झाडांना पाणी घालतो. एवढंच. ज्या वाक्यापायी क्लास सुटला ते आलंच नाही. त्या वाक्यातल्या शांत बागेत उभं राहून मला रडू यावं इतका संताप आला. पण लिहिलं. सगळं लिहिलं.

पास झाले. काठावर नाही, चांगली पास झाले. डॉक्टरांनी चंद्रपूरला नाव टाकलं. आणि त्याच आठवड्यात भाजी आणायला चौकात गेले तर वर भला मोठा फ्लेक्स. ‘आमच्या क्लासचे यशस्वी विद्यार्थी’. खालच्या ओळीत माझा फोटो, प्रवेशाच्या वेळी दिलेला, हार घातल्यासारख्या नक्षीच्या चौकटीत. मधोमध सर, हात जोडून.

माझी भाजीची थैली हातातच राहिली. मी भित्री बाई, कोणाच्या दारात जाऊन बोलणारी नाही. त्या दिवशी गेले.

“सर, माझा फोटो तिथून काढा.”

“अवं वा, अभिनंदन. काऊन, चांगला नाई आला का?”

“मी तुमच्याकडे शिकले नाही.”

“दोन महिने आलती का नाई? पाया तर आपलाच.”

“कोणी लावला तो फ्लेक्स?”

“लागून गेला ना आता. छापून आला, लागला.”

“आपोआप लागला?”

सरांनी मोबाईल हातात घेतला. “हे पाय पोरी, तुयी इज्जतच वाढून राह्यली गावात. लोकं पाह्यतेत. अन् तू भांडाले आली.”

“इज्जत माझी नाही वाढली, गिऱ्हाईक तुमचं वाढलं. मला तुमच्या फळ्यावरच्या एका वाक्यानं हाकललं. मी पास झाले ते आमच्या सिस्टरबाईंमुळे. तिथं फोटो लावायचाच असला तर त्यांचा लावा.”

“आणून दे मग फोटो त्याहीचा,” सर म्हणाले आणि आत बसलेल्या पोरांकडे बघून हसले. पोरं हसली नाहीत. तेवढंच मिळालं मला तिथून.

दवाखान्यात येऊन मी रडले, रागानं. सिस्टरबाई म्हणाल्या, “फ्लेक्स राहून राहून किती राहील? उद्या कोणत्या तरी नेत्याचा वाढदिवस आला की त्याच्यावर दुसरा. नंतर कोणाच्या गोठ्यावर. तुझ्या तोंडावर कोंबड्या बसतील.” त्यांना वाटलं मी हसेन. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. कोणाच्या कष्टावर कोणाचं तोंड छापलं जातं, हे वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली झाकून मिटत नाही. पण वाद तिथंच सोडला, कारण त्या तेव्हा तिसऱ्या खाटेपासून पहिल्या खाटेपर्यंत एकट्याच सलाईन बदलत होत्या.

आता मी चंद्रपूरला आहे. इथंही फोन वाजला की मला घरी पाठवायचं ठरतंय असं वाटतंच. वॉर्डात काही काम झालं की मी म्हणते, मी केलं. मॅडम बघतात, पण कोणी चढेल म्हणत नाही.

सिस्टरबाईंना शिवरात्रीला त्यांच्या गावाकडं, नदीपलीकडं कालेश्वरच्या जत्रेला जायचं असतं. लहानपणी दर वर्षी जायच्या, म्हणाल्या. दवाखान्यात आल्यापासून एकदाही नाही, कारण त्यांच्या जागी उभं राहणारं कोणी नाही. ही गोष्ट त्यांनी मला निरोप देताना सहज सांगितली, तक्रार म्हणून नाही. माझा कोर्स पुरा होऊ द्या, हात बसू द्या. मग एका शिवरात्रीला मी राजुऱ्याला येईन. सिस्टर, तुमची ड्यूटी मी करीन, सकाळची आणि रात्रीचीही, आणि तुम्ही जत्रा पुरी बघितल्याशिवाय परत यायचं नाही.