लाईट गेल्यावरचा हत्ती

आमच्या गल्लीतल्या एकाही पोरानं ते कार्टून कधी पुरतं पाहिलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. रविवारी सकाळी ते लागायचं आणि अर्ध्यावर लाईट जायची. आमच्या देवळी गावात तेव्हा लाईट जाण्याचं कोणाला काही वाटत नसे. वाटायचं ते एवढंच, की आमच्या बाजूची जायची आणि सडकेपलीकडे राहणाऱ्या, शाळेतल्या सरांच्या घरची राहायची. त्यांची लाईन वेगळी होती म्हणे.

कार्टून हिंदीत होतं, मूळचं कुठल्या मुलखातलं कोण जाणे. बर्फाच्या देशातली एक मुलगी हरवलेल्या बापाला शोधत गावोगाव फिरते आणि तिच्यासोबत असतो पत्र्याचा हत्ती, किल्ली दिली की चालणारा. आमच्या किराणा दुकानामागच्या खोलीत गल्लीतली झाडून सारी पोरं जमत. मुलगी आणि हत्ती कुठल्या तरी संकटात सापडत, पडदा काळा होई, आणि सगळ्या माना आत्याकडे वळत.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्षाच्या आत ती माहेरी परत आली, ती कायमचीच. का आली, ते घरात कोणी बोलत नसे. मी एकदा आईला विचारलं, तर तिनं मला तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं.

"कलकल करू नका," आत्या म्हणायची, "मी पाहून येतो."

आणि ती सरांच्या घरी जायची. पोरांना तिथं मज्जाव होता. सर भारी शिस्तीचे, फरशीवर धुळीचं पाऊल उमटलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. आत्याला मात्र सरांच्या बाई गहू निवडायला बोलवायच्या, म्हणून तिला आत जाता येई. थोड्या वेळानं ती परत यायची, पदरानं तोंड पुसायची, आणि पुढचं सांगायची.

त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ कापसानं भरलेल्या बैलबंडीवरून पडला. पाय मोडला. सेवाग्रामच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, काढलं, पण गुडघा काही वाकेना. डॉक्टरांनी रोज चोळायचं, रोज वाकवायचं सांगितलं होतं. आईनं हात लावला की हा असा गळा काढायचा की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकवायचं. बाबांनी धाक दाखवून पाहिला, लालूच दाखवून पाहिली. पोरगा लंगडाच राहतो की काय, हे बोलायची कोणाची हिंमत नव्हती, पण सगळ्यांच्या पोटात तेच होतं.

मग एका रविवारी आत्या सरांकडून आली आणि म्हणाली, "हत्तीचा गुडघा कुरकुरून राह्यला होता. पुढं जायलेच तयार नाई. मंग तिथली एक म्हातारी आली. तिनं जवसाचं तेल कोमट केलं अन् त्याच्या गुडघ्याले चोळलं."

"हत्ती रडला काय?" भावानं विचारलं.

"रडला ना. पत्र्याचा असला म्हणून काय झालं. पन पाय मागं नाई घेतला त्यानं."

भावानं स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग आपला पाय लांब केला आणि म्हणाला, "मले बी लाव."

त्या दिवसापासून त्याच्या पायाला आत्याशिवाय कोणाचा हात चालेना. म्हातारी दर रविवारी यायला लागली. हत्तीचा गुडघा आधी बोटभर वाकला, मग वीतभर. आमच्या भावाचाही. आणि दर भागाच्या शेवटी सगळे जेवायचे, दुष्ट सरदारसुद्धा. ती म्हातारी त्यालाही पंगतीत बसवून रोडगे आणि वांग्याची भाजी वाढायची. जेवल्यावर त्याचा राग उतरायचा. गल्लीतल्या शिंप्याची पोरगी चौकस होती. ती म्हणाली, "आत्या, बर्फात रोडगे कुठून आले?"

"हिंदीत त्याले बाटी म्हणतात," आत्या म्हणाली. संपला विषय.

पुढं मी कॉलेजसाठी नागपूरला गेले. होस्टेलच्या टीव्हीवर केबल होतं आणि दुपारी तेच कार्टून पुन्हा लागायचं. मी आनंदानं बसले. एकेक भाग पुरता पाहत गेले. म्हातारी कुठेच नव्हती. हत्तीचा गुडघा कधी कुरकुरलाच नाही. दुष्ट सरदार दरीत पडून मरून गेला, उपाशीच. पहिल्यांदा मला इतकं हसू आलं की शेजारच्या मुली बघायला लागल्या. मग खोलीत जाऊन मी रडले. आत्याची इतकी आठवण त्याआधी मला कधी आली नव्हती. कोणाला काही बोलले नाही. बोलायचं तरी काय होतं त्यात?

काही वर्षांनी त्या कार्टूनचा सिनेमा निघाला, खरी माणसं घेऊन केलेला. वर्ध्याच्या टॉकीजला लागला. तोवर भाऊ बाबांच्या गादीवर बसू लागला होता, दोन पायांवर धडधाकट. पेपरमधली जाहिरात बघून तो लहानाहून लहान झाला. "पुरी गल्ली जाईन," तो म्हणाला. "अन् आत्या पयली."

"माही कंबर दुखते," आत्या म्हणाली.

"टेकायले उशी घेऊ."

"मले अंधार सोसत नाई."

"आत्या, तुह्याशिवाय हत्ती पाहू काय आम्ही?"

आत्या उठून स्वयंपाकघरात गेली. का, ते मला कळत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. तिला लेकरू नव्हतं, घर नव्हतं. ह्या एका पोरानं तिच्या शब्दावर भरवसा ठेवून दुखरा पाय पुढे केला होता, तेवढी तिची कमाई. ती आता टॉकीजच्या पडद्यावर सगळ्यांसमोर खोटी पडणार होती.

एसटीनं गेलो. टॉकीजमध्ये मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले. हत्ती आला तो नव्या बादलीसारखा चकचकीत. मुलगी चांगली घोडनवरी. आमची गल्ली चुळबुळायला लागली, पण धीर धरून होती. सगळे म्हातारीची वाट पाहत होते. बर्फ आला, डोंगर आला, लढाई आली. "आता येईन," भाऊ मागच्यांना सांगायचा. आत्यानं माझं मनगट धरलं होतं ते सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाही. सरदार दरीत पडला आणि दिवे लागले.

बाहेर चहाच्या टपरीवर आमचे लोक नुसते उकळत होते. शिंप्याची पोरगी, आता दोन लेकरांची आई, म्हणाली, "म्हातारीच काढून टाकली. मेल्यांना तेवढीच जास्त झाली होती." कोणी म्हणालं, बिना पंगतीचा शेवट हा काय शेवट झाला. शेजारी वर्ध्याची कॉलेजची पोरंही चिडलेलीच होती, पण त्यांचं दुखणं वेगळं. मुलीचे केस चुकले, किल्ली पाठीवर हवी होती ती पोटाला लावली. भाऊ त्यांच्यात जाऊन मिसळला. "अन् म्हातारी?" तो म्हणाला. "तेल लावणारी?"

"कोणती म्हातारी?" चष्मेवाला एक पोरगा म्हणाला. "अशी कोणी नव्हतीच."

"तू नीट पाह्यलं नसन."

"माझ्याकडे सगळे भाग सीडीवर आहेत, दादा. पाठ आहेत मला."

"मंग दे त्या सीड्या," भाऊ म्हणाला. "तुलेच दाखवतो कुठं हाय ते."

पोरगा भला होता. जवळच राहत होता, जाऊन पिशवी घेऊन आला. आत्या टपरीच्या बाकावर बसली होती. तिच्या हातातला चहा तसाच निवला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. सालोड गाव मागं पडल्यावर हळूच म्हणाली, "तुले माईत होतं ना?"

"नागपूरपासून."

"सरांच्या घरचा टीव्ही बंदच होता. वर रुमाल टाकून ठेवला होता बाईनं. मी आपली गहू निवडे अन् पुढं काय करावं त्याचा विचार करे." मग म्हणाली, "पोराले काय वाटन?"

मी म्हटलं, त्याला काही वाटणार नाही. पण माझाच त्यावर विश्वास नव्हता. तो मनानं चांगला, पण फसवलेलं त्याला खपत नाही. मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याशी तो जन्मभर बोलत नाही.

तो आठवडा आमच्या घरात कसा गेला ते आम्हालाच ठाऊक. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की भाऊ मागच्या खोलीत सीडी लावून बसायचा. दार लोटलेलं. आत्या स्वयंपाकघरातून कान देऊन असायची आणि भाकरी करपायची. जेवताना तो मान खाली घालून जेवायचा. शनिवारी सगळ्या सीड्या पिशवीत भरून त्यानं खुंटीला अडकवल्या, एक तेवढी बाहेर ठेवली. आत्याशी तो धड बोलला नव्हता. तिनं मला विचारलं, "मी काही दिवस वडनेरले जाऊन येऊ काय, मामाच्या घरी?" मी म्हटलं, "कुठं जाऊ नको."

रविवारी सकाळी त्यानं सगळी गल्ली बोलावली. शिंप्याची पोरगी लेकरांना घेऊन आली. खोली पहिल्यासारखी भरली. आत्या दारात उभी राहिली, आत येईना. भाऊ म्हणाला, "आत्या, बस." तिनं चौकटीशी बसकण मारली. त्यानं सीडी लावली. बर्फ आला, मुलगी आली, आमचा जुना, पोचे पडलेला हत्ती आला. लेकरं पुढे सरकली. मी आत्याकडे बघायचं टाळत होते.

बर्फाचा पूल मोडला आणि हत्ती दरीच्या काठावर अडला. इथंच लाईट जायची. भाऊ उठला, दाराजवळच्या बोर्डापाशी गेला आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला.

पडदा काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला.

"लाईट गेली," भाऊ म्हणाला. लेकरं ओरडायला लागली, तसा तो त्यांना म्हणाला, "कलकल करू नका. आत्या पाहून येते."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. त्यानंही नजर हलवली नाही. "जा ना आत्या," तो म्हणाला. "म्हातारी आली काय ते पाहून ये."

सरांची बदली होऊन कितीतरी वर्षं झाली होती, त्या घराला कुलूप होतं. तरी आत्यानं चपला घातल्या, सडक ओलांडली आणि त्या बंद फाटकापाशी जाऊन जरा वेळ उभी राहिली. आम्ही खिडकीतून बघत होतो. मग ती परत आली, पदरानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि लेकरांच्या मधोमध येऊन बसली.

"त्या हत्तीचा गुडघा अजून दुखून राह्यला," ती म्हणाली. "तेल आन बरं."

भाऊ तेल आणायला स्वयंपाकघरात गेला.