वर्षभरात एकच सुरी

खंडेनवमीला आमच्याकडे एकही हत्यार चालत नाही, म्हणून त्या दिवशी तोंडं चालतात.

बिबवेवाडीत माझ्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची, पत्र्याची शेड आहे. आठवडाभर तो तिथे खोकी कापायचे साचे बनवतो आणि रविवारी आम्ही तिघं तिथे सुऱ्या करतो. तिसऱ्या आमच्या डॉक्टर, दातांच्या. त्यांचा हात आम्हा दोघांपेक्षा स्थिर आहे आणि जीभ जास्त धारदार. मी एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. वस्तू मापात बसते की नाही, एवढंच मला सांगायचं असतं. सुऱ्या आम्ही विकत नाही. बहुतेक नातलगांकडे आता आमची एकेक सुरी आहे, आणि काहींनी दुसरी नको म्हणून स्पष्ट सांगितलं आहे.

गेल्या खंडेनवमीला ऐरण, भट्टी आणि ग्राइंडर झेंडूच्या माळा घालून बसले होते. पूजा झाली, पेढे झाले. हत्यारांना हात लावायचा नाही म्हटल्यावर दरवर्षीप्रमाणे पुढच्या वर्षीचे बेत निघाले. माझी थोरली बहीण त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी असते. सणाला एकटी नको म्हणून मी तिला घेऊन आलो होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, त्या फणसाची सुरी करणार. फणसाचा चीक पात्याला चिकटू नये म्हणून पात्यावर अशा खोलगट खाचा पाडायच्या, की तेल न लावता अख्खा फणस फोडता येईल.

"आणि नाही जमलं तर?" मेहुणा म्हणाला.

"तर तेल लावू. तुमच्यासारखी माझी इज्जत सुरीवर अवलंबून नाही."

मेहुण्याचा बेत याहून मोठा होता. त्याला एका दिवसात दोन सुऱ्या करून तिसरी अर्धी सोडायची सवय. तो म्हणाला, पुढच्या वर्षी सबंध वर्षात एकच सुरी करणार. मनासारखी होईपर्यंत तीच.

"म्हणजे वर्षाअखेरीला आपल्याकडे एक सुरी आणि एक वेडा माणूस असेल," डॉक्टर म्हणाल्या.

माझा बेत मी कागदावर आखून आणला होता. पात्यावर मिलिमीटरच्या खुणा कोरायच्या, म्हणजे काकडीच्या चकत्या एकसारख्या जाडीच्या पडतील.

"कोशिंबीर करायची आहे की जमिनीची मोजणी, भावोजी?" मेहुण्याने विचारलं. कागद मी घडी करून खिशात ठेवला.

उजवा हात मांडीवर ठेवून ताई डाव्या हाताने पेढा खात होती. त्याच्या वर्षभर आधी तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. चालणं, बोलणं परत आलं, पण उजव्या हाताच्या बोटांत पकड आली नाही. पेढा संपवून ती म्हणाली, "तुमच्या सगळ्या सुऱ्यांना दोन हात लागतात. एका हाताने सुरी धरायची, दुसऱ्याने भाजी. एका हाताचं काही आहे का तुमच्याकडे?"

मेहुण्याने पेढ्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

परत जाताना रिक्षात तिने मला खरं काय ते सांगितलं. भाच्याला, म्हणजे तिच्या मुलाला, तिने बंगळूरला राहायला यावं असं वाटत होतं. तो वाईट बोलला नव्हता. एवढंच म्हणाला होता, की नाताळच्या सुट्टीत येतो, तेव्हा तू तुझं जेवण तुझं तू करताना दिसलीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही, नाहीतर आपण फ्लॅट बंद करू. ताईला गॅस पेटवता येत होता, फोडणी देता येत होती, कुकर लावता येत होता. भाजी तेवढी कामाच्या बाई चिरून ठेवत. त्या ज्या दिवशी येत नसत त्या दिवशी ताई दूध-पोहे खात असे.

"मुलाकडे जायला काय हरकत आहे?" मी विचारलं.

"हरकत काही नाही. पण मग मी तिथली पाहुणी. इथे मी घरातली."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं द्यायला मेहुणा घरी आला, तेव्हा मी त्याला हे सांगितलं. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग झालं. माझी वर्षाची एक सुरी हीच."

पहिला नमुना अडकित्त्यावरून सुचला. पातं एका टोकाला बिजागरीने पाटावर जोडलेलं, दुसऱ्या टोकाला मूठ. एका हाताने मूठ खाली दाबायची. कांदा घरंगळू नये म्हणून डॉक्टरांनी पाटावर बारीक खिळ्यांची रांग बसवली. मी दाब मोजला, पाट समतल आहे का ते तपासलं, मूठ दोनदा बदलायला लावली. शेडमध्ये मी स्वतः त्यावर कांदा, गाजर आणि दुधी कापून पाहिला. सगळं मापात होतं. दिवाळी झाल्यावरच्या रविवारी आम्ही तिघं ते घेऊन कर्वेनगरला गेलो.

ताईने डाव्या हाताने मूठ दाबली. कांदा कापला गेला, पण मूठ तिरकी गेल्यामुळे अर्धा कांदा ओट्यावरून सिंकमध्ये पडला. तिने पुन्हा दाबली, मग पुन्हा. चौथ्या वेळी ती थांबली आणि हात पुसला.

"कडबा कापायला छान आहे," ती म्हणाली.

मेहुण्याचं तोंड उतरलं. तो म्हणाला, सवय होईल ताई, डाव्या हातात हळूहळू जोर येईल.

"जोराचं नाही रे. तुम्ही सुऱ्या करणारी माणसं. तुम्हाला वाटतं, हाताचं काम सुरी धरणं. माझ्या डाव्या हाताने जन्मात सुरी धरली नाही. त्याने भाजी धरली आहे. विळीवर सुरी कोण धरतं?"

विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी पात्यावर रेटायची असते, हे महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. पण सुरी करायला निघालेले आम्ही तिघं विळीचा विचारच करत नव्हतो. ताईची जुनी विळी माळ्यावर होती. झटका आल्यापासून तिला जमिनीवर बसून उठता येत नव्हतं, आणि विळी म्हणजे जमिनीवर बसणं, म्हणून ती वर गेली होती.

"विळी टेबलावर आणू," मेहुणा म्हणाला.

"पण टेबलावर ती सरकणार. तिथे पाट पायाखाली दाबता येणार नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर देवाने कडेला आवळायचे क्लॅम्प जन्माला घातले," डॉक्टर म्हणाल्या.

ओट्यावर पातं फार उंच येत होतं. जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसलं की कोपराच्या जरा खाली येत होतं. मी ताईच्या खुर्चीची, कोपराची, टेबलाच्या कडेच्या जाडीची मापं घेतली. ती म्हणाली, ब्लाउज शिवणार आहेस का? डॉक्टरांनी पाटावर कडेला एकच जाड खिळा सुचवला, कांदा त्यात रोवून एका हाताने सोलायला. डाव्या हाताने रेटलेली भाजी उजवीकडे सरकते, म्हणून मेहुण्याने पातं किंचित वळवलं. जुन्या विळीचं पातं झिजलेलं होतं, म्हणून ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून त्याने हे नवं पातं काढलं, आणि तीन रविवार फक्त त्याचा बाक जमवण्यात घालवले. इतकं सावकाश काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तरी नाताळ आला तेव्हा पात्याला पाणी द्यायचं राहिलंच होतं. पोलाद लाल तापवून तेलात बुडवायचं, त्याशिवाय ते कडक होत नाही आणि धार टिकत नाही. पण भाचा आलेला होता. मेहुणा म्हणाला, आज दाखवू तरी, एका जेवणापुरती धार टिकेल.

ताईने विळी टेबलाला बसवून घेतली. कांदा खिळ्यात रोवून सोलला. मग वांगं डाव्या मुठीत धरून पात्यावर रेटलं. पहिली फोड जाड झाली, दुसरी त्याहून जाड. तिसऱ्या वांग्याला हाताची लय सापडली आणि तिने पात्याकडे बघणं सोडून मुलाकडे बघत विचारलं, "भाकरीच्या पिठाचं काय केलंस? आणलंस का?"

आम्ही कोणी मदतीला पुढे झालो नाही. भाचाही खुर्चीच्या कडेला बसून हात बांधून होता. मी वाकून फोडींकडे पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "मामा, मोजायला व्हर्नियर काढू नका प्लीज."

"खिशातच आहे," मी म्हणालो.

"राहू द्या तिथेच."

जेवायला उशीर झाला. वांग्याच्या काही फोडी शिजल्या होत्या, काहींचा गाळ झाला होता. भाच्याने दोनदा भाजी घेतली. बंगळूरचा विषय त्याने काढला नाही. हात धुऊन आल्यावर आईला एवढंच म्हणाला, "कोथिंबीर चिरून दाखवायची राहिली."

"खवणी लावायची पण राहिली," ताई म्हणाली. "खवणीशिवाय विळी म्हणजे काय. नारळ काय हाताने उकरू?"

मेहुण्याने माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे खवणीचं काम मापांसह माझ्याकडे आलं. मग तो टेबलाखाली वाकून क्लॅम्प सैल करू लागला. पातं शेडमध्ये नेऊन पाणी द्यायचं, नंतर पुन्हा धार, अशी चार कामं बाकी होती. घाई नव्हती, त्याच्याकडे वर्ष होतं.

"काय करतोस?" ताईने विचारलं.

"नेतो ना ताई. कच्चं आहे अजून. दोन-तीन रविवारांत परत आणतो."

"आणि उद्या भाजी कशावर चिरू?"

डॉक्टर हसू दाबत पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मग मेहुण्याने क्लॅम्प पुन्हा आवळला, पाट हलवून पाहिला आणि गुडघे झटकत उठला. वर्षभरात एकच सुरी करायचा त्याचा बेत तिथेच मोडला. आता पाती दोन लागणार होती.