निवांत गावाला निघालेली गंगी

मारेगावकडच्या आमच्या गावात नलूबाईसारखी कापूस वेचणारी दुसरी नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही. तिच्याहून झरझर हात चालणाऱ्या बाया ढीगभर आहेत. तरी वेचणीला गेलं की तिच्या आसपासची ओळ धरायला बायांची भांडणं व्हायची, कारण नलू वेचता वेचता गोष्ट सांगायची.

गोष्ट एकच. गंगी नावाची बाई घरदार सोडून निवांत गाव शोधायला निघाली. त्या गावात कोणाची कंबर दुखत नाही आणि कोणी कोणाला 'ऊठ' म्हणत नाही. वाटेत तिला कधी नदी आडवी यायची, कधी बोलणारा बोकड भेटायचा, कधी एखादी म्हातारी दोन दिवस राहा म्हणून ठेवून घ्यायची आणि महिनाभर राबवायची. दर हंगामात गंगी थोडी पुढे सरकायची, आणि शेतातला कापूस संपला की कुठल्यातरी झाडाखाली अडकून पडायची. हंसाबाईला वाटायचं, ते गाव म्हणजे आपलं माहेर. मोनालीला वाटायचं, पुणे. कॉलेजात मराठी घेतलेली अर्पिता सुट्टीत शेतावर आली तेव्हा म्हणाली, "आजी, निवांत गाव म्हणजे समाधानाचं प्रतीक आहे."

"मले माहीत हाये व माय," नलू म्हणाली. "खरं गाव असतं त गंगी जीपमंदी बसून नसती गेली का?"

बाकीच्या कितीही भांडल्या तरी अगदी शेजारची ओळ मानीबाईची. आमच्याकडे गोष्टीला हुंकार लागतो. सांगणारी थांबली की ऐकणारीने 'हं' म्हणायचं, आणि 'हं' आलं नाही तर गोष्ट पुढे न्यायची नाही. हे काम मानीचं. दोघी एकाच वस्तीत नांदायला आल्या, दोघींचे नवरे लवकर गेले, आणि दोघींनी जन्मभर दुसऱ्यांचा कापूस वेचला. तोंडात तंबाखूची गोळी असली तरी मानी हुंकार चुकवायची नाही.

मागच्या हंगामात मानी अंथरुणाला खिळली. पोटात काहीतरी वाढलं होतं. यवतमाळला डॉक्टरांनी तपासलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. मग नलू दिवसभर वेचून संध्याकाळी तिच्या खाटेशी बसायची आणि गंगीला चार पावलं चालवायची. बोटं बोंडांनी सोलून निघालेली असायची, बोलता बोलता मान डुलायची. नलूला त्या गोष्टीचा कंटाळा आला होता. ज्याच्यावर जीव आहे त्याचाही दमलेल्या माणसाला कंटाळा येतो, फक्त तसं कबूल करायची लाज वाटते. तिला वाटलं, एकदाची गंगी पोचवून टाकावी. मानीही सुखाने डोळे मिटेल आणि आपल्यालाही घरी जाऊन पाठ टेकता येईल.

एका संध्याकाळी तिने ठरवूनच सुरुवात केली.

"मंग गंगीले टेकडीवरून गाव दिसलं."

"हं."

"वेशीपाशी बाया उभ्या होत्या. म्हने, ये व गंगे, तुयासाठी खाट टाकून ठेवली."

नलू हुंकारासाठी थांबली.

"म्हन ना हं."

मानीने तोंड भिंतीकडे फिरवलं. नलू भडकलीच. "दिवसभर वाकून माही कंबर मोडली, अन् तुले आता नखरे सुचून राह्यले? इतके वर्ष पोचली का, पोचली का करून माहं डोकं खाल्लं. आता पोचवून राह्यली त तोंड काहून फिरवतं?"

"नको पोचवू," मानी भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली. "पोचली त मले एकटीले अंदर जा लागन. मले भेव लागते, नलू."

नलूचा सगळा राग उतरला. ती रडली, आणि चांगली मोठ्याने रडली. मानीची सून चूल सोडून बघायला आली. शेवटी पदराने नाक पुसून नलूने मानीचा हात हातात घेतला.

"गंगी अंदर गेलीच नाही," ती म्हणाली. "वेशीपाशी दगडावर बसली. बाया म्हने, अंदर काहून येत नाही? ते म्हने, माही संगतीन मांगं रायली. ते आली का दोघी मिळून येतो."

मानीने तोंड भिंतीकडून तिच्याकडे वळवलं. मग हळूच "हं" म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मानी गेली. वस्तीतल्या विहारात वंदना झाली, आणि नलू पुन्हा कामाला लागली, कारण न लागून सांगते कोणाला. गोष्ट मात्र बंद झाली. बायांनीही हट्ट धरला नाही, मोबाईलवर गाणी लावून वेचू लागल्या.

यंदा पहिल्या वेचणीला मोनालीला राहवलं नाही. तिने विचारलं, "नलूबाई, गंगीचं काय झालं व मंग? गेली का गावात?"

नलू कमरेवर हात ठेवून सरळ झाली. सरळ व्हायला तिला आता वेळ लागतो.

"नाही," ती म्हणाली. "बसून हाये ते. मी गेल्याबिगर उठत नाही."